‘अ‍ॅव्हरेज’ किती देते?

नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात : “अ‍ॅव्हरेज किती देते?” इंधनाच्या खर्चाला आपण मराठी माणसे ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो, म्हणजे सरळ सरासरीच म्हणतो. शब्द मोठा नेमका आहे. मात्र सरासरी म्हटली की गणिताच्या शिक्षकाने लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा : कशाची सरासरी? कोणत्या रस्त्यांची, कोणत्या वेगांची, किती थांब्यांची? हा प्रश्न आपण विचारत नाही आणि मग फसवले गेल्याची भावना घेऊन बसतो.

अंबरनाथच्या बुवापाडा भागात राहणाऱ्या आमच्या एका शिक्षकमित्राचे असेच झाले. त्यांच्या आईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि व्यायामोपचारासाठी आठवड्यातून तीनदा त्यांना कल्याणला न्यावे लागे. रिक्षात चढता-उतरताना त्यांचे हाल होत. मित्राने बराच हिशेब करून एक छोटी गाडी घेतली. जाऊन-येऊन २० किलोमीटर, महिन्याला साधारण १३ फेऱ्या, म्हणजे २६० किलोमीटर. माहितीपत्रकात लिटरला २४ किलोमीटर असा आकडा होता. त्यानुसार महिन्याला ११ लिटर पेट्रोल पुरायला हवे होते. प्रत्यक्षात लागू लागले २० लिटर. गाडी लिटरला १३ किलोमीटरच जात होती.

मित्राने आधी पेट्रोल पंपावर संशय घेतला, मग पंप बदलला. मग गॅरेजमधल्या मुलाला दोष दिला. तो बिचारा म्हणाला, “सर, गाडीत काही दोष नाही. तुम्ही ज्या रस्त्यानं जाता, त्या रस्त्याला एवढंच मिळणार.” सरांना हे उत्तर टाळाटाळीचे वाटले. दोन वेळा प्लग बदलून झाले, एकदा इंजेक्टर साफ करून झाले. पैसे गेले, आकडा हलला नाही. शेवटी त्यांनी आम्हाला विचारले, “गाडी खोटी की आकडा खोटा?”

दोन्ही खरे आहेत, असे आमचे उत्तर आहे. ते पटायचे तर २४ हा आकडा जन्माला कसा येतो, हे पाहावे लागेल. त्याचा इतिहास लॉस एंजलिसच्या धुरक्यापासून पुण्याच्या टेकडीपर्यंत पसरलेला आहे.

आकड्याची गरज नसलेला काळ

एके काळी भारतात हा आकडा फारसा कोणी विचारतच नसे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडत. त्यांतलीच पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. दुसरी अ‍ॅम्बॅसेडर. तिसरी स्टँडर्ड. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडी मिळणे हेच मोठे होते. निवडच नसेल तर तुलना कशाची करणार?

स्वस्त आणि काटकसरी छोट्या गाडीचे स्वप्न मात्र तेव्हाही पाहिले जात होते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या गाडीचे एकामागून एक नमुने स्वतः बनवले. ती कारखान्यात उत्पादनासाठी कधी गेली नाही, पण छोटी गाडी म्हणजे कमी पेट्रोल ही अपेक्षा त्या काळापासून लोकांच्या मनात पक्की होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० बाजारात आली आणि ती अपेक्षा घरोघर पोचली.

दरम्यान १९७३ साल येऊन गेले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. गाडी लिटरला किती जाते, हा प्रश्न घरखर्चापुरता न राहता सरकारांचा झाला. अमेरिकेने १९७५ साली कायदा करून गाड्यांच्या इंधनखर्चावर मर्यादा घातली. आता मर्यादा घालायची तर मोजायला हवे आणि मोजायचे तर सर्व गाड्यांना एकच परीक्षा हवी. अशी एक परीक्षा तयारच होती. ती मुळात भलत्याच कामासाठी बनवलेली होती, एवढेच.

धुरक्यातून निघालेली परीक्षा

लॉस एंजलिस शहरावर १९४० च्या दशकापासून डोळे झोंबवणारे धुरके साचू लागले होते. आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की, गाड्यांच्या धुरातील घटकांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते. धूर कमी करायचा तर तो मोजायला हवा. पण उभ्या गाडीचा धूर वेगळा, धावत्या गाडीचा वेगळा, वेग वाढवणाऱ्या गाडीचा आणखी वेगळा. म्हणून त्या शहरातल्या रस्त्यांवर गाडी चालवून तिच्या वेगाचा क्षणाक्षणाचा आलेख काढण्यात आला. हा आलेख म्हणजेच चालनचक्र. १९७० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेले शहरी चक्र १,३७२ सेकंदांचे आणि सुमारे १२ किलोमीटरांचे होते. त्याचा सरासरी वेग ताशी ३१ किलोमीटरांच्या थोडा वर होता.

परीक्षा रस्त्यावर होत नाही, बंद खोलीत होते. गाडीची चालती चाके मोठ्या रोलरवर ठेवतात. गाडी जागेवरच राहते, रोलर फिरतात. हवेचा विरोध आणि गाडीचे जडत्व यांची नक्कल रोलरवर भार देऊन केली जाते. चालकासमोर पडद्यावर आलेख सरकत असतो आणि त्याबरहुकूम त्याने वेग ठेवायचा असतो. मागून निघणारा धूर मापून पिशव्यांमध्ये गोळा करतात.

आता गंमत पाहा. इंधनाचा खर्च काढायला टाकीला हात लावावाच लागत नाही. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. जळल्यावर पेट्रोलमधला सगळा कार्बन धुरातून कार्बन डायऑक्साइड, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन या रूपांत बाहेर पडतो. पिशवीतला कार्बन मोजला की किती पेट्रोल जळले ते कळते. द्रव्याच्या अक्षय्यतेचा जो नियम आपण आठवी-नववीत शिकवतो, तोच येथे कामी येतो. एक लिटर पेट्रोलपासून साधारण २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनतो. म्हणजे किलोमीटरमागे १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी लिटरला सुमारे २३ किलोमीटर जाते.

अशा रीतीने प्रदूषणाच्या परीक्षेतून इंधनाचा आकडा फुकट मिळाला आणि तो अमेरिकेत विक्रीच्या गाड्यांवर चिकटवला जाऊ लागला. लगेच तक्रारी सुरू झाल्या. पाटीवर लिहिलेले मिळत नाही! तेथील पर्यावरण खात्याने तक्रारींचा अभ्यास केला आणि त्या मान्य केल्या. १९८५ सालच्या गाड्यांपासून पाटीवर आकडा छापताना शहरी चाचणीतून १० टक्के आणि महामार्गाच्या चाचणीतून २२ टक्के वजा करावेत, असा नियम झाला. पुढे २००८ सालच्या गाड्यांपासून अतिवेग, वातानुकूलन आणि कडाक्याची थंडी यांच्या चाचण्याही हिशेबात धरल्या गेल्या. खोलीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत फरक असतो, ही गोष्ट सरकारदरबारी मान्य होऊन चार दशके झाली.

वेताळ टेकडीवरचे चक्र

आपल्याकडे हे काम पुण्यात झाले. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. वेताळ टेकडीवर तिचे आवार आहे आणि कोथरूडकर त्या भागाला आजही एआरएआयची टेकडी म्हणतात. १९८० च्या दशकात या संस्थेने आपल्या शहरांतील रहदारीवरून भारतीय चालनचक्र तयार केले.

हे चक्र १०८ सेकंदांचे. त्यात १६ सेकंद गाडी जागेवर उभी, ४२ सेकंद वेग वाढत असलेला, ३७ सेकंद वेग कमी होत असलेला आणि एकसारख्या वेगाने धावण्याचे सेकंद फक्त १३! सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी ताशी २२. अशी सहा चक्रे ओळीने घेतली की सुमारे ११ मिनिटांत ४ किलोमीटरांहून थोडे कमी अंतर होते. आपल्या शहरांत गाडी ‘चालते’ म्हणजे खरे तर सतत वेग बदलत असते, ही गोष्ट या आकड्यांत जशी उतरली आहे तशी क्वचितच कुठे उतरली असेल. १९९१ साली पेट्रोल गाड्यांच्या धुराला पहिल्यांदा वजनी मर्यादा घालण्यात आल्या, त्या याच चक्रावर तपासल्या जात.

२००० साली प्रदूषणाचे नियम युरोपच्या धर्तीवर आणले गेले आणि मोटारींसाठी चक्रही बदलले. युरोपचे चक्र दोन भागांचे होते. पहिला शहरी भाग १९७० पासूनचा. त्यात ताशी ५० च्या वर वेग जात नाही आणि शून्यावरून ५० गाठायला तब्बल २६ सेकंद दिलेले असतात. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवून जीव नकोसा करावा, इतका हा संथ प्रारंभ! दुसरा भाग महामार्गाचा, १९९० साली जोडलेला, ताशी १२० पर्यंत जाणारा. भारतासाठी त्यात बदल करून कमाल वेग ९० ठेवला गेला. हे ‘सुधारित भारतीय चालनचक्र’ १,१८० सेकंदांचे, साडेदहा किलोमीटरांहून किंचित मोठे आहे. सरासरी वेग ताशी ३२ च्या वर.

म्हणजे आपल्या रस्त्यांवरून काढलेले ताशी २२ किलोमीटरांचे चक्र मोटारींच्या बाबतीत मागे पडले आणि ३२ चे आले. यात कोणाचा कावा नव्हता. साऱ्या जगाच्या गाड्या एका मापाने मोजाव्यात, हा हेतू रास्तच होता. पण या परीक्षेतून मिळणारा आकडा बुवापाडा ते कल्याण या रस्त्याबद्दल काही सांगेल, अशी अपेक्षा करण्याचे कारणही उरले नाही. २००९ मध्ये टाटांची नॅनो बाजारात आली तेव्हा लिटरला २३.६ किलोमीटर या एआरएआयच्या आकड्याची चर्चा झाली आणि त्या सुमारापासून सर्वच गाड्यांच्या माहितीपत्रकांत असे आकडे दिसू लागले. परीक्षेचे नाव बारीक अक्षरात, आकडा ठळक!

पेट्रोल घड्याळही पिते

आता मित्राच्या गाडीकडे येऊ. एका सकाळी आम्ही घड्याळ आणि वही घेऊन त्यांच्या मागच्या आसनावर बसलो. बुवापाड्याहून निघून कल्याण-बदलापूर रस्ता धरायचा, उल्हासनगरच्या बाजारातून वाट काढायची आणि कल्याण गाठायचे. जाऊन-येऊन २० किलोमीटरांना चालत्या इंजिनाची ७० मिनिटे लागली. थांबे भरले ५०. आईंना उकाडा सोसत नाही, म्हणून वातानुकूलन पूर्ण वेळ चालू होते.

या फेरीचा ढोबळ हिशेब आपण करून पाहू. गाडी उभी असो वा धावो, इंजिन नुसते फिरत ठेवायलाच काही पेट्रोल जळते. आतले घर्षण, पंप, झडपा, सगळ्यांना ते लागते. छोट्या इंजिनाला हा खर्च तासाला सुमारे ०.६ लिटर धरू. हे झाले गाडीचे ‘घरभाडे’. ते अंतरावर आकारले जात नाही, वेळेवर आकारले जाते. ७० मिनिटांचे भाडे ०.७ लिटर.

दुसरा खर्च प्रत्यक्ष ओढण्याचा. तीन माणसांसह गाडीचे वस्तुमान ९०० किलोग्रॅम धरले, तर टायरचे लोटणे आणि हवेचा विरोध मिळून किलोमीटरमागे सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा लागते. २० किलोमीटरांना २,८०० किलोज्यूल. शिवाय प्रत्येक थांब्यानंतर गाडीला पुन्हा गतिज ऊर्जा द्यावी लागते. ½mv² हे सूत्र वापरून ताशी ३० किलोमीटर वेगासाठी ती सुमारे ३० किलोज्यूल येते. ब्रेक दाबला की ही ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते आणि परत मिळत नाही. ५० थांब्यांचे १,५०० किलोज्यूल. एकूण ४,३०० किलोज्यूल. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल असतात. भाडे वेगळे काढल्यावर इंजिन उरलेल्या इंधनातील साधारण एकतृतीयांश ऊर्जा कामी लावते असे धरू. म्हणजे या कामाला ०.४ लिटर.

तिसरा खर्च वातानुकूलनाचा. कॉम्प्रेसर सरासरी एक किलोवॅट शक्ती घेतो असे धरले, तर ७० मिनिटांत ४,२०० किलोज्यूल, म्हणजे आणखी ०.४ लिटर.

बेरीज दीड लिटर. २० भागिले दीड, म्हणजे लिटरला १३ किलोमीटर! मित्राच्या वहीत तोच आकडा होता.

हेच २० किलोमीटर परीक्षेतल्या ३२ च्या सरासरीने काटले तर ३७ मिनिटे लागतील आणि भाडे ०.३७ लिटर होईल. ओढण्याचा खर्च जवळजवळ तेवढाच, कारण तेथे थांबे कमी असले तरी वेग जास्त आहे. वातानुकूलन बंद. एकूण पाऊण लिटरच्या जरा वर, म्हणजे लिटरला पंचवीसच्या आसपास. एकच गाडी आणि तेच इंजिन दोन्ही आकडे देते.

ओढण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. वाढले ते वेळेचे भाडे आणि वातानुकूलन. तेही मिनिटांवर चालते. आपण पेट्रोल किलोमीटरांत मोजतो. रहदारीत अडकलेली गाडी ते मिनिटांत पिते.

छोट्या गाडीला हे अधिक बोचते. एक किलोवॅटचा कॉम्प्रेसर मोठ्या गाडीतही साधारण तेवढाच असतो. मोठी गाडी एरवी सव्वादोन लिटर खात असेल, तर ०.४ लिटरने तिचा खर्च १८ टक्क्यांनी वाढेल. आपल्या छोट्या गाडीचा मूळ खर्च १.१ लिटर. तिचा ३६ टक्क्यांनी वाढतो. माणसांचेही तसेच. चार माणसे आणि सामान मोठ्या गाडीला जाणवत नाही, पण सातशे किलोंच्या गाडीच्या वजनात त्याने तिसऱ्या हिश्शाहून अधिक भर पडू शकते. चाचणीत तर एकदोन माणसांइतकेच वजन धरलेले असते. जितकी गाडी काटकसरी, तितका वरखर्चाचा डाग तिच्यावर उठून दिसतो.

आणखी एक कारण अलीकडचे. आपल्या साखर कारखान्यांतून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा असते सुमारे २१,००० किलोज्यूल, पेट्रोलच्या दोनतृतीयांश. त्यामुळे मिश्रणाच्या लिटरमधली ऊर्जा सहा ते सात टक्क्यांनी कमी भरते. तेल आयातीच्या दृष्टीने हे धोरण कसे आहे, हा वेगळा विषय. पण जुन्या पेट्रोलवर काढलेला आकडा नव्या मिश्रणावर मिळायचा नाही, हे साध्या गुणाकारानेच कळते.

परीक्षेपुरता अभ्यास

आतापर्यंत आपण परीक्षा आणि रस्ता यांतला निरागस फरक पाहिला. दुसरा प्रकार शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे तीच राहिली, तर काय होते? गुण वाढतात, ज्ञान वाढतेच असे नाही.

युरोपात नेमके हेच झाले. कागदावरचा खर्च आणि लोकांना प्रत्यक्ष येणारा खर्च यांतले अंतर २००१ साली सुमारे ९ टक्के होते. २०१५ पर्यंत ते सुमारे ४२ टक्क्यांवर गेले. रस्ते एवढ्या काळात चारपट वाईट झाले नव्हते. चक्रात कोणत्या सेकंदाला काय वेग असेल हे आधीच ठाऊक असल्याने इंजिने नेमक्या त्याच सेकंदांसाठी घडवली जाऊ लागली. नियमांतल्या सवलतींचा पुरेपूर लाभ घेतला जाऊ लागला. हे सगळे नियमात बसणारे होते. त्याच्या पलीकडची पायरी २०१५ सालीच उघड झाली. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत, चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली सापडली. ते प्रकरण प्रदूषणाचे होते, इंधनाचे नव्हते, पण धडा तोच.

२०१७ च्या सप्टेंबरपासून युरोपने नवे चक्र आणले. ते १,८०० सेकंदांचे, २३ किलोमीटरांहून अधिक लांबीचे, अधिक धसमुसळ्या चालीचे आहे. धुरासाठी तर गाडीच्या मागे उपकरण बांधून खऱ्या रस्त्यावरच चाचणी घेणे सुरू झाले. भारतातही एप्रिल २०२३ पासून प्रदूषकांच्या बाबतीत रस्त्यावरच्या चाचणीची मर्यादा पाळावी लागते. मौखिक परीक्षा जशी घोकंपट्टी उघडी पाडते, तसेच हे आहे.

युरोपने पूर्वी केलेली आणखी एक गोष्ट आम्हाला फार शहाणपणाची वाटते. १९८० च्या नियमानुसार तेथे गाडीचे तीन आकडे दिले जात : शहरातला, ताशी ९० च्या स्थिर वेगाचा आणि ताशी १२० च्या स्थिर वेगाचा. मग १९९३ च्या नियमाने स्थिर वेगाचे आकडे गेले आणि शहर व महामार्ग एकत्र करून काढलेला आकडा पुढे आला. तीन आकडे पाहून गिऱ्हाईक निदान विचारत असे, “माझा रस्ता यांतला कोणता?” एकाच सरासरीने तो प्रश्नच पुसून टाकला.

वर्गात करण्याजोगे

हा विषय वर्गात आणायला गाडी लागत नाही. पहिला प्रयोग गणिताचा. जाताना लिटरला २० आणि येताना तेवढ्याच अंतराला लिटरला १० मिळाले, तर एकूण अ‍ॅव्हरेज किती? बहुतेक मुले १५ म्हणतील. दहा-दहा किलोमीटर घेऊन पेट्रोल मोजायला लावावे. अर्धा लिटर अधिक एक लिटर, म्हणजे २० किलोमीटरांना दीड लिटर. उत्तर १३.३. वाईट रस्ता सरासरीला चांगल्या रस्त्यापेक्षा अधिक ओढतो, हे मुलांना स्वतः सापडू द्यावे.

दुसरा प्रयोग मोजमापातल्या चुकांचा. टाकी ‘फुल’ करून मोजताना पंपाची नळी थोडी आधी-मागाहून बंद झाली आणि अर्ध्या लिटरचा फरक पडला, तर पाच लिटरांच्या मोजणीत चूक १० टक्के होते, तीस लिटरांच्या मोजणीत दोन टक्क्यांहून कमी. टायर झिजला की त्याचा परीघ घटतो, चाक तेवढ्याच अंतरात अधिक फेरे घेते आणि अंतरमापक खऱ्याहून जास्त किलोमीटर दाखवतो. ५० सेंटिमीटर व्यासाचे चाक त्रिज्येत ६ मिलिमीटर झिजले, तर फरक किती टक्के? मुलांनीच काढावे.

तिसरा प्रयोग आम्हाला सर्वांत प्रिय आहे. आपल्या गावाचे चालनचक्र तयार करावे. बसमध्ये चालकाच्या मागे किंवा रिक्षात मीटरजवळ बसून दर पाच सेकंदांनी वेग टिपायचा. एकाने घड्याळ पाहावे, एकाने आकडा सांगावा, एकाने लिहावे. मग आलेख काढायचा. त्यात उभे राहण्याचे, वेग वाढण्याचे, घटण्याचे आणि स्थिर वेगाचे सेकंद वेगळे मोजायचे. आपल्या चक्राची तुलना पुण्याच्या त्या १०८ सेकंदांच्या चक्राशी करायची. एआरएआयच्या अभियंत्यांनी रहदारीला जो प्रश्न विचारला होता, तोच आपली मुले आपल्या रस्त्याला विचारतील.

राहता राहिले आमचे मित्र. हिशेबाचा कागद पाहून त्यांनी उपचारांची वेळ सकाळच्या गर्दीतून दुपारवर बदलून घेतली. फेरी ७० ऐवजी ४५ मिनिटांत होऊ लागली. थांबे तिसावर आले. आमच्या हिशेबाने लिटरला १९ यायला हवे होते. मिळाले १७. थंड इंजिनाचा वाढीव खर्च आणि पेट्रोलमधले इथेनॉल आम्ही हिशेबात धरले नव्हते, हे त्यांनीच आमच्या लक्षात आणून दिले. वातानुकूलन त्यांनी बंद केले नाही. आईंना उकाडा सोसत नाही, आणि त्यासाठी किती पेट्रोल जाते हे आता त्यांना नेमके माहीत आहे.

गॅरेजमधल्या मुलाकडेही ते जाऊन आले. रस्ता एवढाच देणार, हे त्याने आकडेमोड न करता सांगितले होते. सरांनी त्याला तसे बोलून दाखवले. त्यावर तो म्हणाला, “मग सर, ते प्लग उगाच बदलले ना आपण?”